बॅटरीचे वय

गेल्या वर्षी आषाढात आमची आत्या मागल्या अंगणात पाय घसरून पडली. कोकणातल्या गावी ती एकटीच राहते. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. संध्याकाळचे सात वाजले असावेत. पाऊस कोसळत होता. फोन कमरेच्या पिशवीत होता हे त्यातल्या त्यात नशीब. पडल्यापडल्याच तिने तो बाहेर काढला आणि मला लावला. माझ्याकडे एक घंटा वाजली, आणि तिकडे फोनचा पडदा काळा झाला. पुन्हा काही केल्या तो उजळला नाही.

मी उलट फोन केला, लागला नाही. पावसात तिकडे रेंज जातेच, म्हणून आम्ही फारसे मनावर घेतले नाही आणि जेवून झोपलो. ही बोचणी अजून आहे. सकाळी शेजारची मुलगी फुले मागायला आली, तेव्हा आत्या पडवीच्या खांबाला टेकून बसलेली सापडली. घोट्याचे हाड मोडले होते. दुपारी मी पोहोचलो, तर पायाविषयी अक्षर न बोलता ती म्हणाली, ''अरे, चौतीस टक्के होते रे! अंधारात पहिल्यांदा आकडाच बघितला मी. चौतीस म्हणजे काय कमी झाले?''

पुढे प्लॅस्टर वाळल्यावर तो फोन घेऊन मी तालुक्याच्या एका दुकानात गेलो. फोन अँड्रॉइडचा, साडेतीन वर्षांचा. दुकानातल्या तरुणाने चार्जर लावला, चांदण्या आणि जाळ्यांच्या खुणांमध्ये काही आकडे दाबले, आणि उघडलेले इंग्रजी पान माझ्यासमोर धरले. ''गुरुजी, बॅटरी ठणठणीत आहे. हे बघा, हेल्थ 'गुड' लिहून येतंय. फोनच गेलाय. आता नवाच घ्या.''

एकीकडे चौतीस टक्के, दुसरीकडे 'प्रकृती उत्तम', आणि या दोहोंच्या मध्ये रात्रभर पावसात बसलेली म्हातारी. यात खोटे कोण बोलत होते? माझे शिक्षण बेताचे. शास्त्रविषय मी शिकवतो तो चौथीपर्यंतचा. पण त्या प्रश्नाने माझी झोप उडवली आणि पुढचे काही महिने मी मिळेल ते वाचीत गेलो. वाचता वाचता ध्यानात आले की हा प्रश्न माझ्या आत्येचा नव्हे. सव्वादोनशे वर्षे माणसे बॅटरीला हेच विचारीत आली आहेत: बाई ग, तुझ्यात उरले किती?

पणतीचे बरे असते. तेल किती उरले ते डोळ्यांना दिसते आणि पणती कितीही जुनी झाली तरी तिच्यात मावणारे तेल कमी होत नाही. बॅटरीचे या दोन्ही बाबतींत उलटे आहे.

बॅटरीची पहिली परीक्षा झाली ती माणसाच्या जिभेवर; आणि गंमत अशी की ती बॅटरी जन्माला येण्याच्या आधीच झाली. १७५२ साली सुल्झर नावाच्या स्विस विद्वानाने शिसे आणि चांदी यांचे तुकडे एकमेकांना टेकवून जिभेवर ठेवले, तर त्याला हिराकशीसारखी चव लागली. नुसत्या शिशाला ती चव नव्हती, नुसत्या चांदीलाही नव्हती. त्याने ही गोष्ट टिपून ठेवली आणि तो आपल्या कामाला लागला. बेडकाचे मेलेले पाय दोन धातूंच्या स्पर्शाने झटका खातात हे इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्व्हानीने १७९१ साली प्रसिद्ध केले. ही वीज प्राण्याच्या अंगातली, असे त्याचे म्हणणे. पाव्हिया विद्यापीठातल्या व्होल्टाला ते पटेना. त्याने बेडूक बाजूला सारला आणि चांदीची चकती, जस्ताची चकती, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी भाकऱ्यांसारखी चळत रचली. २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना त्याने या चळतीचे सविस्तर वर्णन पत्राने कळवले. जगातली ती पहिली बॅटरी.

तिचे बळ मोजायला त्याच्याजवळ होते काय? स्वतःचे शरीर. तो चळतीच्या दोन टोकांना ओले हात लावून झटका कुठवर चढतो ते पाही. जिभेने चव घेई. एकदा तर त्याने दोन्ही कानांत सळ्या घालून घेतल्या आणि काहीतरी रटरट शिजत असल्यासारखा आवाज ऐकला. हा प्रयोग त्याने पुन्हा केला नाही, कारण मेंदूला बसलेला झटका त्याला धोक्याचा वाटला. शहाणा माणूस.

परंतु मला त्या पत्रातली दुसरीच गोष्ट नवलाची वाटली. हे यंत्र थकते, हे त्याच्या जनकाला मनापासून पटलेच नव्हते! दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की त्या स्पर्शातच वीज उपजते आणि ती उपजतच राहील, असे त्याचे मत होते. पुठ्ठे वाळतात, चकत्या मळतात, ही त्याच्या लेखी बाहेरची अडचण. ती टाळायला त्याने चकत्यांऐवजी पेल्यांची माळही करून पाहिली. वस्तुतः जस्त हळूहळू खाल्ले जात होते. बॅटरीतली वीज म्हणजे झिजणाऱ्या जस्ताची किंमत होती. आपल्याला काही फुकट मिळते आहे असे वाटत असते तेव्हा कोणीतरी झिजत असतेच. घरातल्या बायकांना हे कोणी सांगायला नको.

या झिजेचा हिशेब मांडला तो मायकेल फॅरेडेने. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा माणूस. त्याच्याविषयी मला थोडा पक्षपात आहे, तो वाचकांनी पोटात घालावा. १८३४ साली त्याने नियम सांगितला: द्रावणातून जितकी वीज वाहते तितक्याच प्रमाणात धातू सुटतो किंवा साचतो. दुप्पट वीज, दुप्पट धातू. म्हणजे विजेला डोळ्यांनी पाहता येत नसले तरी तराजूत तोलता येते.

आणि ती खरोखरीच तोलली गेली. १८८२ च्या सप्टेंबरात एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर सुरू केले, तेव्हा गिऱ्हाइकाने किती वीज जाळली हे सांगणारे फिरत्या आकड्यांचे मीटर त्याच्याजवळ नव्हते. त्याने काय केले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे एक पेटी बसवली. पेटीत जस्ताच्या क्षाराचे पाणी भरलेली बरणी आणि तिच्यात जस्ताच्या पट्ट्या. घरात येणाऱ्या विजेचा एक बारीकसा ठरावीक वाटा या बरणीतून जाई. महिन्याकाठी माणूस येई, पट्ट्या काढून नेई, धुऊन वाळवून काट्यावर तोली; वजनात जो फरक पडला असेल त्यावरून बिल. थंडीत बरणीतले पाणी गोठू नये म्हणून पेटीत एक दिवाही ठेवलेला असे. गिऱ्हाइकांचा या बिलावर कितपत विश्वास बसत असेल कोण जाणे. आपल्याला दुधवाल्याच्या मापावरही शंका. इथे तर अदृश्य वस्तू, आणि तिचे माप दुसऱ्याच्या काट्यावर! पण ही युक्ती लक्षात ठेवावी. आजचा फोन आपल्या बॅटरीची परीक्षा करतो ती याच पद्धतीने. फक्त तराजूच्या जागी कणभर चकती आली आहे.

मधल्या काळात बॅटरी आपल्याकडेही येऊन रुजली होती. १८५४ साली मुंबई, कलकत्ता, आग्रा, मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली गेली, आणि तारायंत्र म्हणजे दर ठाण्यावर घटांची रांग. त्यांची निगा हे तिथल्या माणसांचे रोजचे काम. झाकण काढले की जस्त किती खाल्ले गेले ते दिसे; दांडी बारीक झाली की नवी बसवायची. ज्याचे पोट उघडे त्याच्या प्रकृतीविषयी वाद होत नाही.

मग आली शिशाची बॅटरी, मोटारीत असते ती. गास्तोँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली केली. रिकामी झाली की पुन्हा भरता येणारी ही पहिलीच. हिच्याशी माझी बालपणीची ओळख आहे. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा आमच्या वाडीत एकाच घरी काळापांढरा टीव्ही होता. विजेचा भरवसा नसे, म्हणून तो टीव्ही मोटारीच्या बॅटरीवर चाले. शनिवारी दोघे जण ती बॅटरी काठीला अडकवून बाजारच्या गावी भरायला नेत. तिथला बॅटरीवाला रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत आतले पाणी ओढून घेई. नळीत एक तरंगती काडी असे. ती वर तरंगली तर बॅटरी भरली. खाली बसली तर रिकामी. आम्हा पोरांना ती जादू वाटे. त्यामागचा हिशेब असा की बॅटरी भरलेली असते तेव्हा आतले तेजाबाचे पाणी दाट असते, साध्या पाण्याच्या सव्वापटीहून थोडे अधिक जड. वीज खर्च होते तसतसे तेजाब शिशाच्या पत्र्यांत शिरते आणि पाणी पातळ होते.

एका रविवारी ऐन युद्धात टीव्ही बंद पडला. वाडीतले सगळे बॅटरीवाल्यावर चिडले. भरायचे पैसे घेतले आणि भरली नाही! तो शांतपणे म्हणाला, ''भरली होती हो. पण तिचं पोटच राहिलं नाही.'' पत्र्यांवर पांढरा क्षार घट्ट बसला होता. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. वाक्य ऐकले आणि विसरलो. आत्येच्या फोनचे कोडे सोडवताना ते तब्बल पस्तीस-छत्तीस वर्षांनी आठवले.

कारण सगळी मेख तिथेच आहे. पोट भरले आहे का, हा एक प्रश्न. पोट केवढे उरले आहे, हा दुसरा. आपल्या विहिरीचेच बघा. दरवर्षी गाळ साचत जातो. पावसाळ्यात ती काठोकाठ भरलेली दिसते, दोर सोडला की हाताला पाणी लागते, आणि फाल्गुनातच तळ उघडा पडतो. विहीर भरली होती हे खोटे नव्हते. तिच्यात मावतच कमी होते. फोनच्या कोपऱ्यातला टक्का हा असा काठापासूनचा हिशेब आहे. शंभर म्हणजे आज जेवढे मावते तेवढे सगळे. नव्या फोनचे शंभर आणि साडेतीन वर्षांच्या फोनचे शंभर ही दोन वेगळी मापे, पण पडद्यावर लिहायला आकडा एकच.

सुक्या सेलांविषयी थोडेच सांगतो, कारण ते सगळ्यांच्या घरातले. फ्रान्सच्या लक्लांशेने १८६६ साली त्यांचा मूळ घट केला आणि पुढे वीस वर्षांनी जर्मनीत त्याचा सुका अवतार निघाला. बॅटरी हा मुळात लष्करी शब्द, तोफांच्या रांगेचा. विजेच्या बरण्या ओळीने जोडल्यावर बेंजामिन फ्रँकलिनने तो १७४९ मध्ये विजेच्या कामाला लावला, आणि आपल्याकडे येऊन तो विजेरीलाच चिकटला. ''बॅटरी घेऊन ये रे'' म्हटले की पोरगे विजेरी आणते. त्या विजेरीतले थकलेले सेल कौलांवर उन्हात कोणी वाळवले नाहीत? ऊब लागली की आतली क्रिया जराशी वेग घेई आणि पिवळट उजेड आणखी एक संध्याकाळ टिके. चौकोनी सेलाच्या दोन टोकांना जीभ लावून तो जिवंत आहे का हेही आम्ही पाहात असू. सुल्झरचे नाव तेव्हा ऐकले नव्हते. पण चव तीच.

आता फोनच्या बॅटरीकडे येऊ. हिचे मूळ लिथियम या धातूत. धातूंमध्ये सर्वांत हलका हाच. १९७० नंतरच्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत एक्सॉन या तेलकंपनीत लिथियमची बॅटरी केली. तिच्यात बळ होते, पण भरताना लिथियमचे सुईसारखे अंकुर फुटत आणि आतल्या आत टोके जुळून आग लागे. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी कोबाल्टच्या भस्माचे पान शोधले, ज्याच्या पापुद्र्यांत लिथियमचे कण मुक्कामाला राहू शकतात. जपानच्या आकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये दुसऱ्या बाजूला शुद्ध लिथियमऐवजी कार्बनचे पान बसवले, आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तिघांना मिळून २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेले ते पहिलेच. लहानपणी त्यांना वाचताना फार अडखळायला होई. माझ्या वर्गात असा एक मुलगा आहे. त्याच्या आईला मी हे मुद्दाम सांगितले. २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते वारले.

ही बॅटरी वापरताना लिथियमचे कण कार्बनच्या पानातून कोबाल्टच्या पानात जातात आणि भरताना परत येतात. माहेर-सासर म्हणा ना. पण प्रत्येक फेरीत काही कण वाटेत अडकतात. कार्बनच्या पानावर पहिल्याच भरणीपासून एक पातळ साय धरते. ती लागतेच, तिच्याशिवाय बॅटरी टिकणार नाही. परंतु ती वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि तिच्यात गेलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. हाच तो गाळ. उष्णतेने साय लवकर जाड होते. बॅटरी सतत काठोकाठ भरून ठेवली तरीही होते. आणि नुसती पेटीत ठेवली तरी ती म्हातारी होतेच, सावकाशीने का होईना.

म्हातारपणाचे दुसरे लक्षण अधिक फसवे आहे. आतला अडथळा वाढतो. बसल्या जागी माणूस ठीक दिसतो; जिना चढायला सांगितला की धाप लागते. फोन हातात धरून आकडा पाहणे हे बसून राहण्यासारखे. पण नंबर फिरवला, त्यातून रेंज अपुरी, म्हणजे फोनला दूरच्या मनोऱ्यापर्यंत जोराने हाक मारावी लागणार; अशा वेळी एकदम जास्त वीज ओढली जाते, जुन्या बॅटरीचा दाब झटक्यासरशी खाली येतो, आणि ठरलेल्या पातळीखाली दाब आला की फोन स्वतःला मिटवून घेतो. चौतीस टक्के पोटात तसेच राहतात. आत्या खोटे सांगत नव्हती आणि तो आकडाही सर्वस्वी खोटा नव्हता.

मग 'गुड' कोठून आले? हा शोध लागल्यावर मी जागच्या जागी हसलो, आणि मग मला रागही आला. अँड्रॉइडच्या रचनेत बॅटरीच्या 'हेल्थ'साठी फार पूर्वीपासून एक रकाना आहे. त्यात लिहिता येण्यासारखी उत्तरे ठरलेली: उत्तम, तापली आहे, गारठली आहे, दाब जास्त झाला आहे, मेली आहे, नाहीतर काही बिघाड. म्हणजे दारावरून जाताना डॉक्टरने कपाळाला हात लावून ''ताप नाही'' म्हणावे, तितकाच त्याचा अर्थ. वय काय, झीज किती, हा प्रश्न त्या रकान्याने कधी विचारलाच नव्हता. दुकानातला तरुणही फसवत होता असे मी म्हणणार नाही; 'हेल्थ' म्हटल्यावर कोणीही तेच समजेल. त्याने दाबलेला *#*#४६३६#*#* हा मंत्र मात्र मजेदार आहे. बटणांवरची अक्षरे लावली तर ४६३६ म्हणजे 'इन्फो' होते. आता कित्येक फोनांवर त्या पानात बॅटरीचा मजकूर येतच नाही.

२००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन निघाला तेव्हा त्याचे पाठीमागचे झाकण नखाने उघडत असे. बॅटरी थकली की दुसरी घालायची. परीक्षाही सोपी. २००७ मध्ये नोकिया कंपनीने आपल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांविषयी इशारा दिला होता, त्या घबराटीत लोक झाकणे उघडून क्रमांक ताडून पाहात होते. बॅटरी टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवायची. गरगर फिरली तर पोट फुगलेले. पुढे फोन पातळ झाले, झाकणे चिकटवली गेली आणि बॅटरी बुरख्यात गेली. जीभ लावायची सोय नाही, पाणी ओढायची नाही, तोलायची नाही. २०१७ च्या डिसेंबरात अ‍ॅपल कंपनीने कबूल केले की बॅटरी थकलेल्या आयफोनांचा वेग ती गुपचूप कमी करीत होती, अचानक बंद पडू नयेत म्हणून. लोक फार संतापले, आणि २०१८ मध्ये त्या फोनांवर बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेचा टक्का दिसू लागला. अँड्रॉइडकडे ही गोष्ट तुकड्यातुकड्याने आली. बॅटरीची जन्मतारीख आणि तिच्या भरण्याच्या फेऱ्या सांगण्याची सोय २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत झाली. गूगलच्या पिक्सेल ८ए आणि त्यापुढच्या फोनांवर २०२५ मध्ये सेटिंग्जच्या बॅटरी-विभागात 'बॅटरी हेल्थ' हे पान आले. सॅमसंगच्या 'मेंबर्स' अ‍ॅपमध्ये तपासणीखाली बॅटरीची स्थिती कळते. २० जून २०२५ पासून युरोपीय संघाने तर कायदाच लावला: तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही निदान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, आणि तिच्या प्रकृतीचा हिशेब मालकाला पाहता आला पाहिजे. एक फेरी म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे. आज अर्धी आणि उद्या अर्धी वापरली तर ती एक फेरी.

आत्येच्या फोनवर यातले काहीच नव्हते. पण फॅरेडेचा हिशेब होता. फोनमधली एक चिमुकली चकती बॅटरीत जाणारी आणि तिच्यातून येणारी वीज क्षणोक्षणी मोजीत असते, वाण्याच्या खतावणीसारखी, आणि अँड्रॉइडच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून बऱ्याच फोनांत ही मोजणी इतर अ‍ॅपांनाही वाचता येते. तशी अ‍ॅपे मिळतात. मी अ‍ॅक्युबॅटरी नावाचे घेतले. रीत सोपी आहे. फोन पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत उतरू द्यायचा, मग रात्री न वापरता भरायचा, आणि किती टक्क्यांत किती वीज गेली ते पाहायचे. बॅटरीवर मूळ माप छापलेले होते ५००० मिलिअँपिअर-तास. पहिल्या रात्री १५ पासून ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७० टक्क्यांत, २१७० गेले. त्रैराशिक मांडले: पूर्ण भरायला ३१००. दुसऱ्या रात्रीच्या मोजणीने ३२०० आले, तिसऱ्या रात्रीच्या ३१५०. एका रात्रीवर विसंबू नये. अशी खतावणी थोडी पुढेमागे होतेच. सरासरी ३१५०, म्हणजे मूळच्या ६३ टक्के. साधारणपणे ८० च्या खाली गेली की बदलायचा विचार करावा असा या धंद्यातला संकेत आहे. 'प्रकृती उत्तम' असलेल्या बॅटरीचे एक तृतीयांशाहून अधिक पोट गेले होते.

साडेतीन वर्षांत इतके का, हे कोडे घरात पाऊल टाकल्यावर सुटले. आत्येच्या स्वयंपाकघरात विजेचे एकच खटक्याचे ठिकाण, तेही चुलीच्या वरच्या फळीजवळ. फोन दिवसरात्र तिथे चार्जरला लावलेला. ''लाइट कधी जाईल नेम नाही. तुम्ही लांब, फोन भरलेला असला म्हणजे जिवाला आधार,'' ती म्हणाली. खाली चुलीची धग, वर कायमचे शंभर टक्के. बॅटरीला म्हातारपण आणणाऱ्या दोन्ही गोष्टी तिने आमच्यासाठी जपून, नेमाने केल्या होत्या. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या एका दुकानात तासाभरात बॅटरी बदलून मिळाली. खर्च नव्या फोनच्या दहाव्या हिश्शाइतका. जुनी निघाली ती मध्ये किंचित फुगलेली. पाठ फुगलेला फोन चार्जरला लावू नये आणि असली बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत तर मुळीच टाकू नये. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी आपल्याकडे उत्पादकांवर टाकलेली आहे. दुकानदाराने ती ठेवून घेतली.

पडवीत मी वायरमनकडून नवे खटक्याचे ठिकाण करून घेतले, वारा लागेल असे. ऐंशी-नव्वद झाले की काढत जा, शंभराचा हट्ट नको, असे आत्येला सांगितले. शेजारच्या मुलीचा नंबरही घेऊन ठेवला. तो खरे म्हणजे आधीच घ्यायला हवा होता.

''आणि ही किती दिवस टिकेल?'' आत्येने विचारले.

''तीनएक वर्षे तरी जावीत. मधूनमधून मोजत राहू.''

तिने चष्मा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी लंगडत गेली, आणि दुधाच्या रतिबाचे आकडे घालते तिथेच, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहिले: 'फोनचे पोट नवे. ५०००.'